जिना आत, दार बंद

पत्रिका छापायच्या दुकानात किस्से जमायला हवेत ते लग्नांचे. आमच्या पंचवटीतल्या डीटीपीच्या दुकानात ढिगाने जमले ते विमानांचे, आणि तेही जागेवर उभ्या असलेल्या विमानांचे! लोक हसायचे. हसू देत. कॉम्प्युटर आमचा, वीजबिल आमचं, विमान आमचं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आम्ही तिघं होतो. मी मालकीण. वाघकाका मनमाडचे, रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर होऊन लेकीकडे राहायला आलेले, संध्याकाळी दुकानात येऊन बसायचे. आणि रघू, माझा ऑपरेटर, रोज घोटीहून एसटीने यायचा. लहानपणी पोलिओ झालेला, काखेत कुबड्या. एसटीत त्याला कोणीतरी उचलून चढवायचं. चांगल्या मनानेच, पण पोतं चढवल्यासारखं. त्याचा त्याला भयंकर राग होता. एकदा तरी खऱ्या विमानात कोणाचाही हात न लागता चढायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. तोवर संध्याकाळी काम आटोपलं की कॉम्प्युटरवरच्या खेळातलं विमान.

*

सगळं जग त्या खेळात विमान उडवतं. आम्ही दार उघडायचो! शिफ्ट धरून ई दाबलं की दार उघडतं. मग दाराखालून जिना सरकत बाहेर येतो. तो नीट टेकला का, हे आम्ही चारी बाजूंनी बघायचो.

एकदा प्रूफ तपासायला आलेले एक गृहस्थ अर्धा तास हे बघत बसले. शेवटी वैतागून म्हणाले, अहो, उडवा की एकदाचं. वाघकाकांनी स्क्रीनवरची नजर हलवली नाही.

"प्रवासी चढतायत अजून."

स्क्रीनवर चिटपाखरू नव्हतं. गृहस्थ मात्र वाट बघायला लागले.

*

काकांचा नियम कडक. रघूने मोठ्याने "जिना आत, दार बंद" म्हणायचं, काका शिट्टी मारणार, मगच इंजिन सुरू. एकदा काकांना यायला उशीर झाला आणि आम्ही दोघांनी नाशिकहून मुंबईला उड्डाण ठोकलं. घोटी आली तसं रघूने आपलं गाव बघायला बाहेरचा कॅमेरा लावला. बघतो तर काय, जिना बाहेर लोंबतोय! खेळाची काही तक्रार नव्हती. नेमके तेव्हाच काका दारात आले, आणि त्यांची होती.

रघू म्हणाला, काका, खेळ आहे हो. तिथेच चुकलं. काकांनी विमान परत फिरवायला लावलं, वहीत रीतसर रिपोर्ट लिहिला आणि दोघांना आठ दिवस सस्पेंड केलं. माझ्याच दुकानात, माझ्याच कॉम्प्युटरवर मी सस्पेंड! आणि मी मुकाट आठ दिवस नुसत्या पत्रिका लावल्या.

*

त्या जिन्याला एकाच बाजूला कठडा होता. ज्याने काढलाय त्याचे दोन्ही पाय शाबूत असणार, असं रघू म्हणायचा. दोन महिने खपून त्याने स्वतःचा जिना बनवला, दोन्हीकडे कठडे असलेला, आणि त्या खेळाच्या परदेशातल्या एका साइटवर पाठवला. तिकडून उत्तर आलं, जिन्याकडे कोण बघतंय?

रघूने तोच जिना पुन्हा पाठवला. मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदा त्यांनी कंटाळून ठेवून घेतला. आणि बघणारं कोणीतरी निघालं! कॉम्प्युटरचे खेळ बनवणाऱ्या बंगळूरच्या एका कंपनीने त्याला इंटरव्ह्यूला बोलावलं, विमानाचं तिकीटही पाठवलं.

*

तिकीट बघून रघूचे वडील तरातरा दुकानात आले. घोटीत त्यांचं तांदळाचं दुकान. मलाच झापलं. ताई, तुमीच ह्याला नादी लावला, म्हणाले. मग रघूकडे वळले.

"इमानात तुला कोन उचलनार?"

"कोणी उचलू नये म्हणूनच जातोय," रघू म्हणाला.

वडील चहा न घेता निघून गेले. मला त्या दिवशी खरंच भीती वाटली. पोराला पाठवून आपण चूक तर करत नाही ना, असं रात्रभर वाटत राहिलं.

*

पुढचं रघूने बंगळूरहून फोनवर सांगितलं. मुंबईला विमानाच्या जिन्याशी दोन माणसं खुर्ची घेऊन उभीच होती. ह्याने कुबड्या त्यांच्या हातात दिल्या, दोन्ही कठडे धरले आणि हातांच्या जोरावर निघाला. एक पायरी, दम, दुसरी पायरी, दम. मागे रांग खोळंबली. एक साहेब म्हणाले, उचलू द्या ना त्यांना, उशीर होतोय. रघू मध्येच थांबला आणि मागे वळला.

"तुमची दहा मिनिटं जातील. माझी सव्वीस वर्षं गेलीत."

वर पोचला तेव्हा शर्ट घामाने चिंब होता म्हणे. पण हात कोणाचा लागला नव्हता.

हे सगळं त्याने वडिलांनाही फोन करून सांगितलं. पुढच्या बाजाराला मी घोटीला गेले होते. त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक तुंबलेलं, आणि म्हातारा तराजू सोडून हात उंचावून सांगत होता, "आमच्या रघ्यानं इमान थांबवलं! लय नाय, वीस मिन्टं!"