श्रीरामपूरच्या घाटावरचा बर्गी

खोली भाड्यानं मागायला गेलो आणि घरमालकिणीला छाती पुढं काढून सांगितलं, की दोनशे वर्षांपूर्वी आमची माणसं घोड्यावर बसून तुमच्या दारापर्यंत आली होती. हे सांगितलं बंगालात, हुगळी नदीच्या काठावर. खोली मिळाली नाही.

तुम्ही जे वडूजकडंच राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे गलाईच्या धंद्यात कुणी मद्रासला, कुणी कटकला, कुणी पार केरळात जाऊन बसलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. राहिलेल्यांनी हसावं. गेलेल्यांनी जरा जपून हसावं, कारण यातला निम्मा मूर्खपणा तुम्हीही केलेला असणार, फक्त तो सांगायची हिंमत नसेल.

सत्तर साली मी गाव सोडलं. वडूजच्या एसटी स्टँडवर आई होती, पाळण्यातली मंगल कडेवर घेऊन माझी बायको हौसा होती. आबा, म्हणजे माझे वडील, आले होते पण गाडीपाशी नाही. पलीकडं सायकलच्या दुकानासमोर पाठ करून उभे होते, जसे काही पंक्चर काढायला आलेत. सायकल आमच्या घरात कुणाकडंच नव्हती. तिकडं लोक नुसता भात खातात असं आईला कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून तिनं ज्वारीच्या पिठाचा डबा बांधून दिला होता. गाडी हलली तशी आबा खिडकीशी आले आणि म्हणाले, "जातुयास तर जा. पर हात हालवत माघारी येऊ नगंस." हा आशीर्वाद होता की दम, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

कलकत्त्यात मामांचं गलाईचं दुकान होतं. सोनारांच्या दुकानातला केर, जुन्या चटया, हात धुतलेलं पाणीसुद्धा आम्ही विकत घेतो. ते जाळायचं, धुवायचं, तेजाबात टाकायचं, भट्टीत आटवायचं आणि त्यातून सोन्याचा कण काढायचा. असला धंदा पाण्याच्या दुष्काळात वाढलेल्या माणसालाच सुचणार. मातीत काहीतरी असेल या आशेवर आमच्या पिढ्या गेल्यात. दुकान अशा बोळात, की वर बघितलं तर आभाळ नाडीएवढं दिसायचं. रात्री सहाजण तिथंच झोपायचे. तेजाबाच्या वासानं नाक असं मेलं होतं, की दोन वर्षांनी एकदा सुकी मासळी खाल्ली आणि मला ती बरी वाटली.

मग बाहत्तरचा दुष्काळ पडला. हौसा चौथी शिकलेली. ती पत्र लिहायची ते तारेसारखं, एक शब्द जास्त नाही. विहीर गेली. आमच्या येरळा नदीच्या वाळूत हातभर खणलं तर वाटीभर पाणी येतं, तेही सगळ्यांच्या आधी गेलं तर. ती खडी फोडायच्या कामावर जात होती, मंगलला तिथंच लिंबाखाली ठेवून. धुळीनं पोरीचा खोकला हटत नव्हता. शेवटी लिहिलं होतं, "कवा नेताय ते लिवा. न्हाईतर मी आपली आपण येती." हौसा खोटी धमकी देत नाही. तिला कलकत्त्याची दिशा ठाऊक नव्हती, पण ती निघाली असती.

बोळात सहाजणांत बायको-पोर कुठं ठेवणार? मामांनी सांगितलं, श्रीरामपूरला जा, तिथं सोनार आहेत पण गलाईवाला नाही. खोली बघ, जम बसव, बायको-पोरीला आण. हे श्रीरामपूर म्हणजे कलकत्त्याचं उपनगर, हावड्याहून लोकल गाडीनं जायचं. आबांनी मात्र गावात सांगून टाकलं, की पोरगा श्रीरामपूरला चाललाय. वर्षभर लोक आईला विचारत होते, नगर जिल्ह्यातच आहे तर सणाला का येत नाही, साखर कारखान्यात रजा देत नाहीत का?

जाताना मामांनी बजावलं होतं, कुणी गाव विचारलं तर बॉम्बे म्हणायचं. वीस वर्षं ते स्वतः बॉम्बेच म्हणत आले. मला हे काही पटेना. बॉम्बे मी पाहिलीसुद्धा नव्हती. कल्याणला गाडी बदलली तेवढाच आमचा संबंध.

तर एका रविवारी गेलो. स्टेशनातून नदीकडं वळलो आणि पाय आपोआप हळू झाले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना एवढाली झाडं, की वरून फांद्या एकमेकींच्या गळ्यात. खाली सावली अशी गार, की दोन वर्षांचा तेजाब अंगातून निथळल्यासारखं वाटलं. पूर्वी इथं गोऱ्या लोकांची वसाहत होती, इंग्रजांची नव्हे, दुसऱ्याच कुठल्या थंड देशाच्या. त्यांचं चर्च, जाडजूड खांबांचे बंगले, हिरव्या झडपांच्या उंच खिडक्या, सगळं होतं तिथंच, जरा पोपडे उडालेलं. आणि शेजारून नदी. येरळेच्या माणसानं एवढं पाणी एका जागी बघितलं की त्याला आधी राग येतो. मलाही आला. कुणी मोजून वाटलंय हे?

नदीलगतच्या एका घरावर खोलीची पाटी होती. ओसरीवर एक साठीची विधवा बाई विळीवर दुधी चिरत बसलेली. विळी अगदी आपल्यासारखी, बसायची रीतही आपलीच. मला वाटलं, जमलं. तिकडं परक्या बाईला माशीमा म्हणतात, म्हणजे मावशी. मी म्हटलं. तिनं विचारलं, तुझा देश कुठला? तिकडं देश म्हणजे गाव. आता बॉम्बे म्हणालो असतो तर हे लिहायची पाळी आली नसती. पण शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात एक ओळ होती, की मराठी फौजांनी बंगालपर्यंत धडक मारली. त्या ओळीवर मला एकदा पैकीच्या पैकी मार्क पडले होते. मी म्हणालो सातारा, छत्रपतींच्या गादीचं गाव, आणि पुढचं ते घोड्यांचं.

विळी थांबली. माशीमा माझ्याकडं बघून एकच शब्द म्हणाल्या, "बर्गी." मग दुधीसकट आत गेल्या आणि भर अकरा वाजता दाराला कडी लावली.

मामांना सांगितलं तर ते कपाळाला हात लावून बसले. बर्गी म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यावरचे स्वार. आपल्या पुस्तकात ज्याची एक ओळ आहे, त्यात इथली गावंच्या गावं जळाली होती. "आरं येड्या, हितं पोरं झोपंनात तर आपलं नाव घेऊन झोपवत्यात," मामा म्हणाले, "आन तू त्यास्नी वळख सांगत बसलास."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त चीड आली. दोनशे वर्षांपूर्वी कोण कुठल्या घोड्यावर बसला, त्यापायी माझी मंगल आज खडीच्या धुळीत खोकत बसणार? पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो. चार घरं फिरलो, चारही ठिकाणी सातारा म्हणालो. एका घरात भट्टीची भीती निघाली, दुसऱ्यात लहान पोर नको होतं, उरलेल्या दोन ठिकाणी सातारा ऐकूनच खोली भरली. मामा म्हणाले, एक शब्द गिळलास तर खोली मिळंल. मी म्हणालो, गाव हाय माझं ते, गिळायचं कशाला? मामा उठून भट्टी फुंकायला गेले. वीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. आलं असतं तर जरा हळू बोललो असतो.

तिसऱ्या रविवारी हिंडून हिंडून पाय सुजले. माशीमांच्या घराला लागूनच घाट होता, सगळ्यांचा. म्हटलं, घाटाला तर कडी नाही. खालच्या पायरीवर चपला काढल्या, चार पायऱ्या वर येऊन बसलो आणि डोळा लागला. जागा झालो तर पाणी माझ्या पायाशी, त्यावर एक चप्पल तरंगत, आणि दुसरी गेलेली. पाऊस नाही, पूर नाही, आणि नदी चार पायऱ्या चढून आलेली. चोराला मी घाबरत नाही, पण असलं कधी पाहिलं नव्हतं. उरलेली चप्पल हातात घेऊन मी काठानं पळत सुटलो, खाली, कलकत्त्याच्या बाजूला, कारण सकाळी पाणी तिकडंच चाललेलं मी या डोळ्यांनी पाहिलं होतं. वाहून गेलेली वस्तू खाली जाते, हे आमच्याकडं शेळीलाही कळतं.

मागून हाक आली. ओसरीवरून माशीमा हात करत होत्या. उलट्या बाजूला. बघतो तर माझी चप्पल वरच्या अंगाला, नदीच्या उगमाकडं, निवांत चाललेली. समुद्राची भरती इथवर येते आणि नदीला दिवसातून दोनदा माघारी फिरवते, हे मला कोण सांगणार? चप्पल काही मिळाली नाही. मी एक पाय अनवाणी घेऊन ओसरीसमोर उभा राहिलो. माशीमा पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसून झाल्यावर विचारलं, तुमच्याकडं नदी नसते का?

असते की, मी म्हणालो. एकाच बाजूला जाते. तीही असली तर.

मग त्यांनी हसू आवरलं आणि विचारलं, "तुझ्या लोकांनी जे होतं ते सगळं नेलं. आता तू काय न्यायला आलास?"

तोवर माझी हिंदी तिथल्या भाषेत बरीच मुरली होती, पण त्या वेळी जे सुचलं ते सरळच होतं. म्हणालो, "केर. तुमच्या सोनारांच्या दुकानातला केर न्यायला आलोय." माझ्या घरात घोडा कधीच नव्हता, हेही सांगितलं. एक बैल होता आणि तो शेजाऱ्याच्या बैलासंगं जोडल्याशिवाय नांगर चालत नव्हता. आमचा पणजा वडूजच्या बाजारापलीकडं गेला असेल असं मला वाटत नाही. घोड्याची बढाई माझी होती, ती मी परत घेतो. पण सातारा परत घेणार नाही. तिथं माझी बायको खडी फोडतेय, पोरगी धूळ खातेय, आणि त्यांना मी बॉम्बेच्या म्हणून इथं आणणार नाही.

हे म्हणताना मी हातातली चप्पल त्यांच्यासमोर नाचवत होतो, ते मला नंतर कळलं. त्यांनी ती खाली ठेवायला सांगितली. मग म्हणाल्या, भट्टी घरात चालणार नाही, ती सोनारांच्या गल्लीत लाव. आणि किल्ली तुझ्या हातात देणार नाही. बायकोला आण, तिला बघीन, मग ठरवीन.

म्हणजे खोली मिळालीही नव्हती आणि गेलीही नव्हती. तशा अर्ध्या खोलीच्या भरवशावर मी दोन रात्रींचा प्रवास करून बायको-पोर आणायला गेलो. खडीच्या कामावर माणसं होती, ती माझ्याकडं बघत म्हणाली, दुष्काळ यायच्या आधीच हा म्हादा पळाला, आता बायकोलाबी पळवतोय. आज त्याचं उत्तर देतो, तेव्हा सुचलं नव्हतं. पळणारा माणूस मागचं नाव टाकून पळतो. आम्ही ते नाव डोक्यावर घेऊन दारोदार फिरलो, आणि त्याच्यापायी दारं लावून घेतली. श्रीरामपुरात माझी मुलं शिकली, बंगाली बोलतात, मासळीचे काटे मांजरासारखे काढतात. यात्रेला गावी गेलो की चौथ्या दिवशी मला नदीची आठवण येते, आणि इथं पौषात ज्वारीच्या भाकरीसाठी जीव जातो. यातलं खरं घर कुठलं, असं कुणी विचारलं तर मी म्हणतो, दोन्ही. दोन्हीकडं राबलोय, एक सोडायला मला सांगणारे तुम्ही कोण?

हौसा आली त्या सकाळी आम्ही तिघं आणि एक पत्र्याची ट्रंक माशीमांच्या दारात उभे राहिलो. वाटेत मी हौसाला ढीगभर सूचना दिल्या होत्या. काय म्हणायचं, काय म्हणायचं नाही, नमस्कार कसा करायचा. तिनं एकही ऐकली नव्हती. माशीमांनी विचारलं, देश कुठला? तिला भाषा कळली नाही, पण प्रश्न कळला. म्हणाली, "वडूज." मग ट्रंक खाली ठेवली, मंगलला घेऊन तडक घाटाच्या पायऱ्या उतरली, पोरीचं तोंड धुतलं, खळखळून चूळ भरायला लावली. दुसऱ्यांदा ओंजळ भरली ती मात्र सांडू दिली नाही. तशीच धरून बसली, बघत.

माशीमाही ओसरीवरून बघत होत्या. मी घाईनं सांगायला लागलो, की ती अशी नाही, दमलीय, प्रवास लांबचा, रीतीभाती शिकेल. त्यांनी कनवटीची किल्ली सोडली, माझ्या पुढं केलेल्या हाताला वळसा घालून पायऱ्यांवरच्या हौसाकडं निघाल्या, आणि जाता जाता म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी हिला पाठवायचं होतंस. तू कशाला आलास?"