रोमच्या नाटकाचा दहावा प्रश्न

टाकव्याच्या शाळेत त्या रविवारी दुपारी चौथीचा वर्ग उघडला होता. मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसली होती आणि फळ्याजवळच्या एकुलत्या खुर्चीवर कादरभाऊ मुलाणी. एकसष्ट वर्षांच्या माणसाची परीक्षा होती. दहा प्रश्न. आठ बरोबर आले तर जत्रेच्या नाटकात विंगेतली जागा त्यांचीच राहणार. सात आले तर ती निलेशला आणि त्याच्या फोनला जाणार.

ती जागा म्हणजे स्टेजच्या डाव्या अंगाला, पडद्याआड ठेवलेलं एक लोखंडी स्टूल. त्यावर बसून प्रॉम्प्टिंग करायचं. नट अडला की प्रेक्षकांना कळायच्या आत त्याला पुढचा शब्द पोचवायचा, आणि तोही इतका हळू की पहिल्या रांगेला ऐकू जाता कामा नये. चौतीस वर्षं कादरभाऊ हे करत आले होते. एरवी ते शिलाई मशीनवर वाकलेले. गिऱ्हाइकाशी बोलणं मापापुरतं. घरातही बायको, उम्मेहानी, बोलायच्या आणि हे मान हलवायचे. पण वर्षातून एका संध्याकाळी गाव त्यांच्या तोंडचं बोलायचं, आणि ते कुणाला दिसायचं नाही. दिसू नये, यातच त्यांचा सगळा अभिमान होता.

भांडण सुरू झालं ते माईकवरून. गेल्या वर्षी नटांच्या कॉलरला माईक लावले, आणि कादरभाऊंची कुजबुज कर्ण्यातून सगळ्या मैदानाला ऐकू गेली. लोक हसले. निलेश युवक मंडळाचा सेक्रेटरी. कंपनीत सुपरवायझर, कॉलेज लोणावळ्याला झालेलं. तो म्हणाला, यंदा नटांच्या कानात बारकं यंत्र घालू, मी फोनवरून वाचीन.

"फोनला नाटक कळतं व्हय रं?" कादरभाऊंनी विचारलं होतं.

"चाचा, तुमच्यापेक्षा जास्त कळतं. लावता पैज?"

कादरभाऊ पैज लावणाऱ्यांतले नव्हते. पण जत्रा कमिटीची बैठक होती, चाळीस डोळे वळले होते, आणि त्यांच्या तोंडून गेलं, "लाव."

यंदा नाटक होतं रोमचं. विलायतेतली जुनी शोकांतिका. गावातल्या शाळेच्या साबळे गुरुजींनी ती कधीकाळी मराठीत उतरवली होती, शंभर पानी वहीत, निळ्या शाईनं. मूळची नावं कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून गुरुजींनी साधी नावं दिली. सेनापती, मित्र, सरदार. सेनापती फार मोठा होतो. त्याचेच सोबती त्याला भरसभेत भोसकतात, आणि त्या भोसकणाऱ्यांत त्याचा जिवाभावाचा मित्रही असतो. मग प्रेतापाशी दोन भाषणं होतात. मित्र सांगतो, राज्यासाठी मारलं. सेनापतीचा लाडका सरदार सांगतो, बघा कुणाला मारलं. लोक पेटतात, शहर जळतं, आणि शेवटी मारेकऱ्यांतलं कुणीच उरत नाही.

"करा सुरू," हनुमंत म्हणाला. तो कमिटीचा अध्यक्ष, थोरल्या आळीचा. यंदा मित्राचं काम त्याच्याकडे होतं. त्याच्या आधी त्याचे वडील हौशीराम ते करायचे.

निलेशनं फोन डोळ्यांपुढे धरला. प्रश्न इंग्रजीत होते, तो मराठी करून सांगत होता. "पहिला. ज्योतिषी सेनापतीला कुठल्या दिवसाची भीती घालतो?"

"मार्चचा मध्य. पंधरा तारीख."

"बरोबर. दुसरा. त्याला मुकुट देऊ केला, त्यानं किती वेळा नाकारला?"

"तीनदा. आन तिन्ही वेळा हात जरा हळूच मागं घेतला."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. तिसरा प्रश्न सेनापतीच्या आजाराचा होता. फेफरं, तेही बरोबर. निलेशनं कपाळ पुसलं.

"चौथा. सेनापती कुठल्या कानानं बहिरा?"

"उजव्या."

निलेशनं मान वर केली. "चूक. डाव्या."

"डाव्या कसा? वहीत उजवा है!"

वही टेबलावरच होती. हनुमंतानं पान काढलं. वहीत उजवाच होता. पण डावा खोडून वर उजवा लिहिलेला. कादरभाऊंना आत्ता आठवलं. हे नाटक पहिल्यांदा बसवलं त्या सालचा सेनापती सारखा अडायचा. विंग डावीकडे, आणि तो डावा कान बहिरा असल्यासारखी मान वळवून उभा राहायचा. मग प्रॉम्प्टिंग ऐकू येणार कसं? गुरुजींनी कान बदलला.

"वहीतलं न्हाई चालायचं," निलेश म्हणाला. "प्रश्न मूळ नाटकाचे. तसंच ठरलंय."

एक गेला. पाचवा सेनापतीच्या बायकोच्या स्वप्नाचा. पुतळ्यातून रक्ताच्या धारा, आला. सहावा, अंगावर वार किती? तेहेतीस, आला. सातव्याला निलेशनं विचारलं, नाटकाचे अंक किती. कादरभाऊ म्हणाले, तीन.

"पाच."

"आपल्याकडं दोनदा च्या असतो," नंदाबाई खिडकीपाशी बसल्या होत्या, त्या म्हणाल्या. जत्रेत चहाची टपरी त्यांचीच. "च्याला पाचदा उठवलं तर मानसं परत येतील व्हय?"

सगळे हसले. कादरभाऊ हसले नाहीत. दोन गेले होते. आता एकही चुकवून चालणार नव्हतं. त्यांना कळून चुकलं की वहीतलं नाटक आणि फोनमधलं नाटक एक नव्हतं, आणि कुठे कुठे वेगळं होतं ते जिवंत माणसांत त्यांना एकट्यालाच माहीत होतं. नुसतं उत्तर देऊन भागणार नव्हतं. आपण काय शिवलंय, कुठं उसवलंय, हे आठवून द्यायला लागणार होतं.

आठवा आला. मित्राची बायको कशी मरते? "निखारे गिळून."

"नववा. चिडलेला जमाव रस्त्यात एका भलत्याच माणसाला मारतो. तो कोण, आणि का?"

"कवी व्हता," कादरभाऊ म्हणाले. मग जरा थांबले. "नाव सारखं व्हतं त्याचं, मारेकऱ्यातल्या एकाशी. त्यो सांगत व्हता, मी त्यो न्हवं. लोक म्हनले, नाव तर त्येच है की."

निलेशनं नुसतं "बरोबर" म्हटलं, तेही खाली बघून.

सात झाले होते. बाहेर शाळेच्या नळाचं पाणी बादलीत पडत होतं.

"दहावा." निलेशनं फोन पुन्हा वर धरला. "प्रेतापाशी दोघं बोलतात. आधी कोण बोलतो? मित्र का सरदार?"

"हे काय विचारनं झालं?" हनुमंत बाकाला रेलला. "सरदार बोलतो आधी. मित्र शेवटी. माझ्या बापानं सहा डाव केलंय."

कादरभाऊंची नजर टेबलावरच्या वहीच्या शिवणीवर गेली.

चौतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सत्तावीस वर्षांचा कादर सेनापतीचा झगा शिवायला तालमीत येऊन बसायचा. हाताला काम आणि कानावर संवाद; महिनाभरात सगळं नाटक पाठ. एके दिवशी हौशीरामनं तालीम थांबवली. मित्राचं काम थोरल्या आळीकडे, सरदाराचं धाकट्या आळीकडे. हौशीराम म्हणाला, "थोरल्यानं आदी बोलून खाली बसायचं, आन धाकट्यानं उठून त्ये खोडायचं? आमच्यात मानाचा मानूस शेवटी बोलतो. न्हाई जमायचं." धाकटी आळी उठून गेली. दोन दिवसांनी बातमी आली की पालखीला खांदा द्यायलाही ते येणार नाहीत. जत्रेला पाच दिवस उरले होते.

त्या दुपारी गुरुजी वही घेऊन दुकानात आले आणि दार लोटून घेतलं. वहीची शिवण उसवायची, बारा पानं काढायची, पुढची मागं आणि मागची पुढं घालून पुन्हा शिवायची. कादरनं दाभण घेतलं. गुरुजींनी पानांचे आकडे खरवडून नवे घातले. मग गावाला वही दाखवली: मूळ नाटकातच असं आहे, माझीच तालमीत चूक झाली. धाकट्या आळीनं लिहिलेलं बघितलं आणि ऐकलं. "कादर," गुरुजी म्हणाले होते, "हे आपल्या दोघांत." गुरुजी जाऊन एकोणीस वर्षं झाली.

आणि सहाही वेळा विंगेत बसून कादरभाऊंनी ऐकलं होतं, त्या जागी नाटक कसं मरतं ते. सरदार लोकांना पेटवायचा, स्टेजवरचा जमाव ओरडायचा, आणि मग मित्र येऊन सगळं विझवून टाकायचा. पुढची लढाई कशासाठी, हे कुणाला कळायचंच नाही. बाकडी सरकल्याचे आवाज यायचे. माणसं चहाला उठायची.

"चाचा?" निलेश म्हणाला.

वहीतलं उत्तर दिलं की जागा गेली. फोनचं दिलं की जागा राहिली, पण मग हनुमंत विचारणार, आणि खोटं उत्तर जवळ नव्हतं.

"आदी मित्र बोलला," कादरभाऊ म्हणाले. "मग सरदार."

निलेशनं फोनवर बोट टेकवलं. त्याचा चेहरा बदलला. "बरोबर. आठ झाले."

टाळी वाजली नाही. हनुमंत हळूहळू उभा राहिला.

"मग माझा बाप शेवटी का बोलायचा?"

"वही मी शिवली," कादरभाऊ म्हणाले. "पानं मागं-पुढं करून. गुरुजींनी सांगितलं म्हनून. पन दाभन माझं व्हतं." आणि त्यांनी सगळं सांगितलं. आयुष्यात इतकं सलग ते कधी कुणासमोर बोलले नव्हते. मध्ये अडले, तर पुढचा शब्द द्यायला कुणी नव्हतं.

ऐकता ऐकता हनुमंताच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "म्हंजी आमाला येडं बनवलं. माझा बाप त्यो मान घेऊन मेला, आन त्यो मान खोटा."

"खोटा न्हाई. पालखी निघाली त्या साली."

"त्ये मला नका शिकवू!" हनुमंतानं वही उचलली आणि परत टाकली. "आज सांगताय? चौतीस वर्सांनी? जागा हवी म्हनून?"

कादरभाऊंनी वही सरळ करून ठेवली. त्याच्या म्हणण्यात खरंही होतं.

"अध्यक्ष, पैज ते जिंकलेत," निलेश म्हणाला. त्याचा आवाज आता मघासारखा नव्हता.

"जिंकले असतील. पन ज्यानं वहीला हात लावला, त्यो मानूस वही घेऊन विंगेत बसनार न्हाई. कमिटीचं ठरलं." त्यानं आजूबाजूला पाहिलं. धाकट्या आळीतले दोघे-तिघे त्याच्याकडेच बघत होते, पुढं काय म्हणतो म्हणून. "आन नाटक मुळात जसं लिवलंय तसंच व्हईल. मी आदी बोलीन. खाली बसंन."

कादरभाऊ उठले. घरी गेले. उम्मेहानींनी विचारलं, "आलं का सगळं?" ते म्हणाले, "आलं." आणि मशीनवर बसून एक अर्धवट राहिलेली बाही जोडायला घेतली. त्या संध्याकाळी त्यांनी ती तीनदा उलटी जोडली.

जत्रेला नाटक दिवेलागणीलाच सुरू झालं. दहाला कर्णे बंद करावे लागतात. कादरभाऊ जाणार नव्हते. उम्मेहानींनी त्यांचा सदरा काढून खाटेवर ठेवला आणि काही बोलल्या नाहीत, म्हणून गेले. मैदानात पाचव्या रांगेत, कडेच्या सतरंजीवर जागा मिळाली. इतक्या वर्षांत स्टेज समोरून त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. सेनापतीचा झगा लांबून इतका लाल दिसतो, हे त्यांनाच नवीन होतं.

सेनापती पडला. हनुमंत पुढे आला आणि बोलू लागला. चौथ्या वाक्याला अडला. कादरभाऊंची बोटं सतरंजीत रुतली. विंगेत निलेशच्या हातातला फोन चमकत होता, त्याचा अंगठा वर-खाली सरकत होता. हनुमंताचा हात कानातल्या यंत्राकडे गेला. एक क्षण. दुसरा. कुणीतरी खाकरलं. शब्द कादरभाऊंच्या दातांमागे येऊन उभा होता. पाचव्या रांगेतून तो पोचला असता, पण पोचला असता तर सगळ्या मैदानाला. त्यांनी ओठ मिटून धरले. हनुमंतानं डोळे मिटले, उघडले, आणि वाक्य त्याचं त्यालाच सापडलं. बोलून झालं. धाकट्या आळीच्या देखत तो बाजूला होऊन खाली बसला.

लोक सवयीनं चहाला उठू लागले होते. तेवढ्यात सरदार बोलायला लागला. उठलेली माणसं आहे तिथंच थांबली. टपरीपाशी पोचलेली कप हातात घेऊन वळली. पुढं दाटी झाली, कुणीतरी कुणाला तरी खाली ओढलं, आणि मैदान हळूहळू परत बसलं. नंदाबाई स्टोव्ह बारीक करून पदरानं हात पुसत आल्या आणि कादरभाऊंच्या शेजारी सतरंजीवर टेकल्या.

सरदारानं प्रेतावरचा झगा उचलला. कादरभाऊंचे ओठ नकळत पुटपुटत होते. त्याच्या प्रत्येक शब्दाच्या अर्धा श्वास आधी.

"कादरभाऊ," नंदाबाई स्टेजवरची नजर न काढता म्हणाल्या, "गप बसा की जरा. ऐकू द्या."