छपराला जॅक

त्याला सगळे पावशेर म्हणत. दारूला कधी तोंड न लावलेल्या माणसाला हे नाव पडलं ते उंचीमुळे. पाच फुटाला एक इंच कमी. तो इंच कुठे सांडला असं कुणी विचारलं की तो म्हणे, "जिभेत गेला," आणि विचारणाऱ्याला ते लगेच पटे.

ट्रकचा मेकॅनिक होता तो. तरुणपणाची वीस वर्षं त्यानं दुसऱ्याच्या गॅरेजात काढली. तिथलं कामाचं टेबल त्याच्या छातीला लागे, पाने लटकवायचे खिळे हाताच्या वर राहत. गिऱ्हाइकं जमली की तिथला उस्ताद मुद्दाम ओरडे, "अरे, पावशेरचं खोकं आणा!" मग एक लाकडी खोकं सरकत येई, तो त्यावर चढे, आणि चार लोक हसून घेत. हात मात्र असा, की गिअरबॉक्स उघडण्याआधी नुसत्या आवाजावरून कुठला दात तुटलाय ते सांगावं. हसणारे शेवटी गाडी त्याच्याच हवाली करत.

एका सकाळी त्यानं ते खोकं उचललं, उस्तादाच्या टेबलावर ठेवलं, आणि हात पुसून बाहेर पडला.

रस्त्याच्या कडेला सहा लोखंडी खांब उभे करून त्यानं स्वतःची पत्र्याची शेड घातली. खांब चौदा फुटी, कारण ट्रक आत यायचे. बाकी सगळं मात्र त्याच्या मापाचं. टेबल त्याच्या कमरेला, खिळे त्याच्या डोळ्यांसमोर, दिव्याचं बटण त्याच्या खांद्याजवळ. टेबलावरचा दिवा इतका खाली, की उंच गिऱ्हाइकाच्या कपाळाला हमखास लागे. कपाळ चोळणाऱ्याला तो शांतपणे सांगे, "इथं दिवा माझ्या उंचीचा आहे." त्या दिव्याखाली उभं राहिलं की त्याला फार बरं वाटे.

त्याची लेक मात्र मामावर गेली होती. पाच फूट नऊ इंच. आठ वर्षांपूर्वी ती हातात पाना घेऊन शेडमध्ये आली ती परत घरात गेलीच नाही. आता ब्रेक, क्लच, हवेचे पाइप सगळं ती करी. बाप इंजिनाचं ऐके, ती बाकीच्या गाडीचं.

या शेडचं खरं दुखणं होतं खड्डा. गाडीच्या पोटाखाली काम करायला खणलेला तो खड्डा दोन वर्षांपासून झिरपायला लागला होता. गुडघाभर पाण्यात उभं राहून काम होईना. मग दोघं चाकाच्या फळीवर उताणे पडून गाडीखाली सरकत. गिअरबॉक्स उतरवायला दोन दिवसांचे चार होऊ लागले. त्यांच्याकडे येणाऱ्या सहा उंच पेटीच्या गाड्या एकाच मालकिणीच्या. ती एक दिवस स्वतः आली, दिवा चुकवून उभी राहिली आणि म्हणाली, "उस्ताद, हमरस्त्यावर कंपनीचं वर्कशॉप उघडलंय. तिथं गाडी लिफ्टवर चढवून दिवसात परत देतात. तुमच्याकडे महिनाअखेर लिफ्ट उभी राहिली तर माझ्या गाड्या इथंच. नाही तर राग मानू नका."

"राग कशाला मानू? लिफ्टच मागवतो," पावशेर म्हणाला. त्या सहा गाड्या गेल्या की शेडमध्ये फक्त दिवा उरणार होता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

लिफ्ट विकणारा माणूस चकचकीत पुस्तक घेऊन आला. त्यानं शेडकडे पाहिलं, पावशेरकडे पाहिलं आणि कारच्या लिफ्टचं पान उघडलं. "काका, तुम्हाला ही छोटी दोन खांबी बास आहे. ट्रकचं लफडं आता ठेवू नका."

"मी बुटका आहे, माझ्या गाड्या नाहीत. पान उलट," पावशेर म्हणाला.

त्यानं पान उलटलं. दोन खांब, वर त्यांना जोडणारा आडवा दांडा. लेकीनं बोट ठेवलं. "हा दांडा पेटीच्या टपाला लागेल. वर मोकळी असते ती दाखवा."

"त्यात खाली जमिनीवर पट्टी येते, ताई. पाय अडखळतो."

"आम्ही पाय उचलून चालतो. सात टनी पाहिजे. नुसती रिकामी गाडीच चार टन आहे, आणि मागच्या बाजूला जड. दोन खांबांतलं अंतर किती?"

विकणाऱ्यानं पुस्तक बापाकडून काढून तिच्याकडे धरलं. फरशी चांगली आहे असंही तो म्हणाला. तिनं तिथल्या तिथं ड्रिल लावून भोक पाडलं, आत आकडा घालून माप काढलं आणि चार इंचांवर नख धरून त्याला दाखवलं. "फरशी चारच इंच जाड आहे, एवढीवर लिफ्ट उभी राहत नाही. खांबांखाली दोन खड्डे घेऊन नवीन काँक्रीट भरावं लागेल. तुमच्याच पुस्तकात लिहिलंय, शेवटच्या पानावर."

आता प्रश्न उरला उंचीचा. गाडी साडेदहा फूट. तिचं पोट जमिनीपासून दोन फूट. पावशेरनं दोन खांबांना पाच फुटांवर दोरी बांधली. "गाडीचं पोट इथं आलं की झालं. तीन फूट उचलायची. टप जातं साडेतेरावर. छपराचा लोखंडी आडवा बार चौदावर. अर्धा फूट उरतो!" बुटकेपणानं आयुष्यात पहिल्यांदा त्याचा फायदा केला होता. तो खुशीत दोरीखालून ऐटीत चालत गेला. केसही लागला नाही.

"ये गं, तू पण ये."

लेक निघाली. दोरी अजून चार पावलं लांब होती, तेव्हाच तिची मान खाली गेली, खांदे पुढे आले. कुणी सांगितलं नव्हतं.

"दोरी तिकडे आहे. मान आत्ताच का घातलीस?"

ती थांबली. "सवय आहे, बाबा."

"कसली सवय?"

"या शेडची. टेबल, नळ, दिवा, सगळ्याची. रात्री आईकडून पाठ चोळून घेते, विचारा तिला."

पावशेरचं तोंड उतरलं. मग त्याला राग आला, जो त्याला नेहमीच लवकर येई. "आठ वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले होते. पहिल्याच वर्षी. टेबल थोडं उंच करू म्हटलं, तर तुम्ही तीन दिवस जेवला नाहीत." ती आता ताठ उभी होती आणि बापाकडे वरून बघत होती. "तुम्हाला खोक्यावर चढायला लावलं ते तुम्ही सोसलं नाहीत ना? मग मी वाकायचं का सोसू? पाच फुटांची लिफ्ट बसवणार असाल तर खुशाल बसवा. मी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये विचारून येते."

विकणारा पुस्तक चाळू लागला. ते उलटं होतं.

पावशेरनं खिशातून खडू काढला. "खांबाला पाठ लावून उभी राहा. मान सरळ. आणखी सरळ." त्याचा हात तिच्या डोक्यापर्यंत पोचेना. खडू त्यानं तिच्याच हातात दिला. तिनं डोक्यावरून रेघ मारली आणि रेघेच्या वर तीन बोटं सोडून दोरी बांधली. सहा फूट. म्हणजे टप साडेचौदावर आणि बार चौदावर.

"लागतंय," विकणारा म्हणाला. "म्हणूनच म्हणत होतो, कारची..."

"लागतंय तर छप्पर वर जाईल," पावशेर म्हणाला.

त्याचा मेहुणा वेल्डिंगचं काम करी. ऐकून तो हसत सुटला. "दाजी, छप्पर म्हणजे गाडी नव्हे!"

"जड आहे आणि वर न्यायचंय. गाडीच झाली."

"पत्रे अंगावर येतील!"

"तू आयुष्यभर उंच राहिलास, तरी हिंमत माझ्यापेक्षा आखूडच. येणार की नाही?"

"मामा, खांबाला दोर बांधून ताणले की शेड डुलणार नाही," लेक म्हणाली. तिनं भिंतीवर कोळशानं आकृती काढली होती. मेहुण्यानं ती दोनदा पाहिली आणि शिव्या देत मशीन आणायला गेला.

रविवारी सकाळी सहा खांबांना जॅक टेकवायला लोखंडी कान जोडले गेले आणि खांबांच्या पायाचे बोल्ट सोडले गेले. प्रत्येक कानाखाली ट्रकचा एक जॅक, पाच जॅकवर पाच ड्रायव्हर आणि सहाव्यावर मेहुणा. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. कुणीतरी ओरडलं, "पावशेर, छपराचं टायर पंक्चर झालंय काय?" पावशेरनं तिकडे पाहिलंही नाही. मधोमध उभी राहून लेक मोजत होती. "एक! थांबा. दोन! मामा, तुमचा जास्त गेला, थांबा." छप्पर कुरकुरलं, कण्हलं आणि बोटा-बोटानं वर गेलं. प्रत्येक खांबाखाली दीड फुटी तुकडा बसला. बोल्ट आवळले गेले. बाजूचे पत्रेही वर गेल्यामुळे खाली चारी बाजूंनी फट पडली आणि शेडच्या जमिनीवर प्रथमच ऊन आलं.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, नवं काँक्रीट पुरतं सुकल्यावर, मालकिणीची पहिली गाडी लिफ्टच्या दोन खांबांमध्ये उभी राहिली. लेकीनं लिफ्टचे चारही लोखंडी हात चासीखाली नीट बसवले, फूटभर उचलून गाडी हलवून पाहिली, मग बटण दाबलं. गाडी खाली घसरू न देणारी खांबांतली कुलपं टक टक करत लागत गेली. सहा फुटांवर तिनं थांबवलं आणि खाली शिरली. ताठ. दोन्ही हात वर करून गिअरबॉक्स चाचपला आणि उगाचच एक चक्कर मारली.

पावशेर खाली गेला. हात वर केला. बोटं जेमतेम टेकली. बघायला आलेला त्याचा जुना उस्ताद दारातून म्हणाला, "शेवटी खोकं लागलंच की रे! आणू का?"

 लेकीचा हात बटणाकडे गेला नाही. ती बापाकडे बघत राहिली.

"खोकं नको," पावशेर म्हणाला. "वीस वर्षं मी गाडीकडे चढलो. आता गाडी माझ्याकडे उतरेल. घे गं खाली."

कुलपं सुटायला गाडी आधी बोटभर वर गेली आणि मग एवढं चार टनांचं धूड त्याच्यासाठी हळूहळू खाली आलं. पाच फुटांवर तो म्हणाला, "बास." गिअरबॉक्सवर त्यानं कान टेकला.

"उस्ताद, त्या दिव्याखालून जरा वाकून जा," काम न थांबवता तो म्हणाला. "तो अजून माझ्याच उंचीचा आहे. हिचा वेगळा लागायचाय."