एलमध्ये बर्फ कोणी घातला?

मंडळींनो, आज दुपारी गोदीजवळच्या, गार्डन रीचमधल्या आमच्या क्वार्टरमध्ये एल प्यायले. एल म्हणजे बिअरचीच बहीण. आणि हो, मीच प्यायले!

ह्यांचे मित्र देशपांडे भावजी जहाजावरून आलेली इंग्लंडची बाटली घेऊन आले होते. रंग सोनेरी, करडईच्या तेलासारखा. लोडशेडिंगमुळे पंखा बंद, म्हणून दोघांनी पेले बर्फाने भरले, दोन घोट घेतले आणि निकाल दिला, "पाणचट आहे!"

बाटलीत थोडी उरली होती. मी ती मागितली.

"वहिनी, तुम्हाला यातलं काय कळणार?" भावजी हसले.

मी वाटीत ओतून घेतली, बर्फाशिवाय. आधी संत्र्याच्या सालीचा वास, मग मेथीचा कडवटपणा आणि शेवटी भाजलेल्या धान्याचा गोडवा. झकास!

"चव तुमच्या बर्फाने मारली," मी सुनावलं. ह्यांनी माझ्या वाटीतला घोट घेतला आणि आपल्या पेल्यातला बर्फ मोरीत ओतला.

आता आपल्या महाराष्ट्र मंडळात कुजबूज होणार, ठाऊक आहे मला. पण दर दिवाळीला सगळ्यांच्या चिवड्याचं तिखटमीठ माझ्याच जिभेवर सोडता ना? मग आज तीच जीभ एकदम बाईची कशी झाली?