टाकीचा एक भाग जास्त

"अरं ए, थांबव ते पानी! माजा सोफा तरंगाय लागला!" तळमजल्यावरच्या काकू ओरडत होत्या. आमच्या शेलूच्या इमारतीत गच्चीवरच्या टाकीचा धबधबा जिन्यानं उतरत होता आणि सगळ्यांच्या चपला स्टेशनाकडे पोहत निघाल्या होत्या. पंप आपोआप चालू-बंद करणारं यंत्र माझ्या शेजाऱ्यानंच बनवलेलं. माणसांशी मोजकं बोलणारा हा गृहस्थ पायरीवर लॅपटॉप घेऊन कोडला लाडानं समजावत होता, "बाळा, पाणी मोजायला टाकीचे भाग केले दोनशे छप्पन्न, तुझी मोजणी दोनशे पंचावन्नला संपते. पुढं परत शून्य! म्हणून भरलेली टाकी तुला रिकामी वाटते रं."

त्यानं कोडमध्ये टाकीचा एक भाग कमी केला. पंप थांबला.

"मेल्या, आधी पंपाचं बटन का नाय बंद केलंस?" काकूंनी विचारलं.

"मग चूक दिसली नसती," तो म्हणाला.