दारेकऱ्याची टोमॅटोतली भानगड

दारेकऱ्यानं म्हातारपणी बाई ठेवलीय, आणि तीही टोमॅटोच्या शेतात, अशी कुजबुज आळीभर होती.

माणूस तसा सरळ. जन्मभर एकच काम केलं, दारं धरायचं. फावड्यानं वाफ्याचं तोंड फोडायचं, वाफा भरला की बुजवायचं, पाणी पुढच्याकडे वळवायचं. लेक जन्मला तेव्हाही हा पाण्यावरच. बाळाला बघायला आला तो फावड्यासकट. त्याच लेकानं मोठेपणी शेतात ठिबक बसवलं. रोपागणिक थेंब थेंब, चावी फिरवली की काम संपलं. बाबा, आता आराम करा, म्हणाला. बाबांचा चेहरा पडला तो पडलाच.

आणि मग एकाएकी खुलला. सकाळी गुळगुळीत दाढी करून, फावडं खांद्यावर टाकून निघायचा, दुपारी शीळ घालत परतायचा. ठिबक आल्यापासून शेतात चिखल औषधालाही उरला नव्हता, आणि याचे पाय मात्र गुडघ्यापर्यंत माखलेले. बायकोचा जीव टांगणीला लागला. त्यात शेजारीण सांगत आली की टोमॅटोच्या आडून तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं, तो लाडानं म्हणत होता, "सावकाश. घाई कशाला? सगळ्यांना पुरेल."

म्हणजे एक नव्हे, कितीतरी.

बायकोनं पिशवी भरली. माहेरी जायचं हे नक्की, पण सवतींची तोंडं बघून. तरातरा शेतात शिरली.

दुपारी दोघं बरोबरच परतली. आता तिचेही पाय गुडघ्यापर्यंत माखलेले. तिनं पिशवीतले कपडे पुन्हा कपाटात लावले. शेजारीण दारात टपलेलीच होती.

"दिसली का गं?"

"दिसली. स्वभावानं गरीब वाटली."

"आणि तू चालवून घेणार?"

"या वयात त्यांना तेवढाच विरंगुळा. आमच्या पोराला मात्र सांग, सकाळचं तिकडं फिरकू नकोस म्हणावं. बापाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

निरोप पोचायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. पोरगा शरमेनं असा काळवंडला, की त्यानं टोमॅटोकडे जाणारी वाटच सोडली.

बाई कुणी नव्हती. दारेकऱ्यानं बांधालगतच्या ओळींची नळी विळ्यानं कापून पाणी सरीत सोडलं होतं, आणि तो तिथं दारं धरत होता. लेकाला कळलं असतं, तर त्यानं नळी जोडून टाकली असती.