चार लेखांतली एकच बाई

नव्यानं प्रबंध लिहायची माझी अजिबात तयारी नव्हती. गंगाखेडच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचं, घरी दोन लेकरं, नवऱ्याची साखर कारखान्यातली पाळी कधी सकाळची तर कधी दुपारची. यात चारशे पानं कोण लिहिणार? म्हणून परभणीच्या माझ्या मार्गदर्शक सरांनी एक वाट दाखवली तेव्हा मी लगेच हो म्हणाले. सर म्हणाले, "तुमचे चार लेख छापून आलेत. चारही ज्वारीच्या बियाण्यावर, घरातल्या बायका ते कसं राखतात त्यावर. तेच घ्या. पुढं प्रस्तावना, मागं निष्कर्ष, आणि मधे चौघांना जोडणारं एक प्रकरण लिहा. नियमात बसतं."

मला वाटलं, झालंच. चिंध्या आयत्या आहेत, टाके घातले की गोधडी तयार.

पहिला लेख उभ्या पिकातून बियाची कणसं कशी निवडतात त्यावर होता. दुसरा, ते बी राखेत कालवून मडक्यात कसं ठेवतात त्यावर. तिसरा, पेरणीआधी ओल्या फडक्यात दाणे बांधून उगवण कशी बघतात त्यावर आणि चौथा, घरचं बी कुणाला द्यायचं नि कुणाला नाही त्यावर. वर्षा-दोन वर्षांच्या अंतरानं लिहिलेले, वेगवेगळ्या मासिकांत छापलेले. सुटे सुटे वाचले की बरे वाटायचे. शेजारी शेजारी ठेवले की एकमेकांकडं पाठ करून बसायचे. जोडणारं प्रकरण मी तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा सुरुवात 'वरील विवेचनावरून असे दिसते की' अशी झाली आणि पुढं काहीच दिसेना.

शेवटी तसंच कच्चं बाड घेऊन मी सकाळच्या गाडीनं परभणीला गेले. सरांनी चारही लेख पहिल्यांदाच सलग वाचले. मी समोर बसून त्यांच्या घरच्या घड्याळाकडं बघत होते. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "या चार बायका कोण?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं. पहिल्या लेखात मी लिहिलं होतं, 'राणीसावरगाव येथील एक अनुभवी शेतकरी महिला'. दुसऱ्यात, 'पंचावन्न वर्षे वयाच्या एक गृहिणी'. तिसऱ्यात, 'कोरडवाहू शेती असलेल्या घरातील कर्ती स्त्री'. चौथ्यात तर कहर, 'दोन सुना असलेल्या एक सासूबाई'.

"चौघींचं सांगणं इतकं तंतोतंत कसं जुळतं?" सर म्हणाले. "आणि चौघीही 'माझ्या हातचं बी मरत न्हाई' असंच कसं म्हणतात? परीक्षक काय म्हणतील सांगू? बाईंनी टेबलावर बसून चार बायका तयार केल्या. एकदा हा संशय आला की प्रबंध गेला. तुमचं नावही गेलं."

सहा वर्षांचं काम होतं ते. मी कबूल करून टाकलं. चार नाहीत, एकच आहे. माझी सासू आहे.

"मग तिचं नाव का नाही घातलं?"

"सुनेनं सासूचं नाव कसं घ्यायचं सर?"

समाजशास्त्राची प्राध्यापिका ती मी, रूढी आणि समाज यांवर वर्गात तास तास बोलणारी. पण आमच्या घरात ही रीत लोखंडी होती. सासूचं नाव सुनेच्या तोंडी यायचं नाही, मग लेखणीतून कसं येणार? माझ्या वर्गात त्याच नावाची एक मुलगी होती. हजेरी घेताना मी तिचा नुसता नंबर पुकारायचे. तिला वाईट वाटू नये म्हणून मग सगळ्यांचेच नंबर पुकारायला लागले. मुलांना वाटायचं, बाई फार शिस्तीच्या आहेत. लेख छापताना मला कधी वाटलंच नाही की मी काही लबाडी करतेय. मी आपली सुनेसारखी वागत होते. खरं म्हणजे मला भीतीही वाटत होती. विद्यापीठाला कुणाचं नाव द्यायचं यावरून आमच्या भागात गरिबांची घरं जळाली होती, ते दिवस काही फार मागं गेले नव्हते. नाव ही केवढी मोठी गोष्ट असते ते मला कुणी सांगायला नको होतं.

"नाव घेऊ नका, टाइप करा," सर म्हणाले. मग जरा हसले. "आणि तुमचं ते जोडणारं प्रकरण. काखेत कळसा आणि गावाला वळसा. चार लेखांना जोडणारी बाई घरात बसली आहे आणि तुम्ही निष्कर्ष शोधताय. तिच्यावर लिहा. पण नाव पाहिजे, आणि तिला विचारून पाहिजे. नाहीतर मी सही करणार नाही."

त्या शनिवारी कॉलेज सुटल्यावर मी एसटीनं राणीसावरगावला गेले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अंगणात बियाची कणसं पसरून बसल्या होत्या. शेंड्याचे नि बुडाचे दाणे बाजूला काढायचे, मधलेच तेवढे बियाला घ्यायचे. पहिल्या लेखाची तीन पानं मी यावरच खर्ची घातली होती. मी हातपाय धुऊन शेजारी बसले आणि एक कणीस उचललं. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"तू लिव. तुला हे यायलंय व्हय?"

मग मी सगळं सांगितलं. चार लेख, चार सोंगं, सरांनी धरलेली चोरी. त्यांना त्या चार बायकांची लय मजा वाटली. "दोन सुनांची सासू म्हनून लिवलीस? आन् त्यातली एक सून लिवणारी हाय, हे न्हाई लिवलीस?"

"आत्याबाई, तुमचं नाव घालावं लागतंय. न्हाईतर हे सगळं वाया जातंय."

त्या हसायच्या थांबल्या. हात चालूच होता. मला वाटलं, आता नाही म्हणणार. मनात मी प्रबंधावर पाणी सोडलंही.

"कोन्तं घालतीस?" त्यांनी विचारलं.

मला कळेना.

"दोन हायती की मला. एक तुझ्या सासऱ्याच्या घरच्यांनी लग्नात ठिवलेलं. त्या नावानं बी कुनी हाक मारली न्हाई मला. ह्यांनी आगं म्हनलं, लेकरं माय म्हनली, तुमी आत्याबाई म्हनायलाव." त्यांनी दाणे सुपात लोटले. "बी राखायचं मला माझ्या मायनं शिकवलं, पेडगावात. तवा मी बारा वर्षांची बी नव्हते. तवाचं नाव येगळं व्हतं."

मग त्यांनी ते नाव सांगितलं. अकरा वर्षं मी त्या घरची सून होते आणि ते मी पहिल्यांदा ऐकत होते. नवऱ्याला तरी ठाऊक होतं की नाही कोण जाणे. नंतर विचारलं तर नव्हतंच.

"सासूचं नाव घिऊ नगंस," आत्याबाई म्हणाल्या. "माजं घे."

मी पिशवीतून वही काढून ते लिहून घेतलं.

ते प्रकरण मी आठ दिवसांत लिहिलं. शोधायला काही नव्हतंच. पेडगावातली एक मुलगी आईजवळ बसून बी ओळखायला शिकली, लग्न होऊन येताना तिनं मूठभर बी पदराला बांधून आणलं आणि पुढं जन्मभर ते मरू दिलं नाही. चारही लेख तिच्यामागं आपोआप ओळीनं उभे राहिले. लेखांतली चारही सोंगं काढून तिथं ते नाव घातलं आणि तळटीपेत माझी चूक कबूल केली. सरांनी सही केली. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, माहिती देणाऱ्या या बाई कोण? मी पूर्ण नाव मोठ्यानं सांगितलं, गावासकट, वडिलांच्या नावासकट. जीभ जराही अडखळली नाही.

बांधून आलेली प्रत घेऊन मी राणीसावरगावला गेले. आत्याबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांनी हात पुसून प्रत मांडीवर घेतली, वजन बघितलं. "एवढ्यात मी कुटं हाय?" त्यांनी विचारलं.

मी पान काढून दिलं, त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं आणि नाव वाचलं.

आत्याबाईंनी ओ दिली.